मणक्यातलं पाणी

"डॉक्टरसाहेब, बाकी काय तपासायचं ते तपासा, पण पाठीतलं पाणी काढू नका." जळगाव-धुळ्याकडच्या मोठ्या दवाखान्यांत हे वाक्य नवं नाही. पोर तापानं फणफणलेलं असतं, मान ताठ झालेली असते, मधूनच झटका येऊन जातो. मेंदूच्या आवरणांना जंतूंनी गाठलंय की काय, ही शंका त्या पाण्याच्या तपासणीशिवाय फिटत नाही. संमतीच्या कागदावर सही करायची वेळ आली, की घरातली वडीलधारी माणसं मागे सरतात. गावातलं कुणीतरी आठवतं : पाणी काढलं आणि माणूस गेला, पाणी काढलं आणि पाय लुळे पडले.

ही भीती कुठून आली, हे समजण्यासारखं आहे. पाठीतलं पाणी काढतात ते आजार आधीच मेंदूपर्यंत पोचल्याच्या शंकेनं. त्यातले काही रुग्ण दगावतात, काहींना अपंगत्व येतं. आजार डोळ्यांना दिसत नाही, सुई मात्र सगळ्यांनी पाहिलेली असते. दोष सुईच्या माथी येतो. पण सही करायची की नाही, हा निर्णय शेवटी घरच्यांच्या हाती असतो आणि तो चुकला तर उपचाराचे मोलाचे दिवस जातात. म्हणून हे पाणी काय आहे आणि शरीरानं ते तिथे का ठेवलंय, हे घराघरांत माहीत असायला हवं.

मेंदूच्या आत चार पोकळ्या आहेत. त्यांच्यात रक्तवाहिन्यांचे बारीक गुच्छ असतात आणि रक्तातून निवडून घेतलेल्या घटकांचं एक नितळ द्रव ते सतत तयार करत असतात. हे द्रव पोकळ्यांमधून बाहेर पडतं, मेंदूभोवती आणि मज्जारज्जूभोवती खाली कमरेपर्यंत खेळतं आणि अखेर पुन्हा रक्तात शोषलं जातं. मोठ्या माणसाच्या शरीरात ते एका वेळी साधारण १५० मिलिलिटर असतं, पण दिवसभरात तयार होतं सुमारे ५०० मिलिलिटर. याचा अर्थ सगळंच्या सगळं पाणी दिवसातून तीनदा तरी बदललं जातं. तपासणीसाठी काढतात ते बहुधा ५ ते १० मिलिलिटर. शरीर तासाला २० मिलिलिटरच्या आसपास नवं पाणी बनवतं, तेव्हा काढलेल्याची भरपाई अर्ध्या तासात झालेली असते.

आता सुईचं. मज्जारज्जू पाठीच्या कण्यातून खाली उतरतो, पण माकडहाडापर्यंत जात नाही. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. त्याच्या खाली पाण्यात मोकळे तरंगणारे मज्जातंतू तेवढे असतात. सुई घालतात ती आणखी खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधल्या फटीत. दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांचे वरचे काठ हातानं चाचपून जोडले, की ती पातळी सापडते. मज्जारज्जू तिथे नसतोच. तो नाही तिथेच टोचायचं, यावर ही सगळी पद्धत उभी आहे. जर्मनीत हाइनरिख क्विंके यांनी १८९१ मध्ये ती रूढ केली आणि १८९८ मध्ये ऑगस्ट बीअर यांनी त्याच वाटेनं भूल दिली. सिझेरियनच्या वेळी पाठीत देतात ते इंजेक्शन याच वाटेचं. बाळंतपणानंतर वर्षानुवर्षं कंबर दुखली की दोष त्या इंजेक्शनला दिला जातो. पण ती भूल न घेता बाळंत झालेल्या बायकांचीही कंबर तितकीच दुखते, असं अभ्यासांत दिसलं आहे. सुईनंतर काहींचं डोकं मात्र खरंच दुखतं. बसलं की दुखतं, आडवं झालं की थांबतं, कारण सुईच्या छिद्रातून थोडं पाणी झिरपत राहतं. बहुतेकांचं ते काही दिवसांत बरं होतं. एक धोका मात्र खरा आहे. डोक्यात गाठ किंवा मोठी सूज असेल, तर खालून पाणी काढल्यानं मेंदू खाली सरकू शकतो. म्हणून अशी शंका असली की आधी सीटी स्कॅन करतात. डॉक्टरांना विचारायचाच असेल, तर हा प्रश्न विचारावा.

त्या पाण्याचं पहिलं काम तोलण्याचं. मेंदू सुमारे १४०० ग्रॅमचा आणि अतिशय मऊ. नुसता कवटीच्या तळावर ठेवला, तर स्वतःच्याच वजनानं तो चेपेल आणि त्याच्या खालच्या बाजूच्या नसा-रक्तवाहिन्या दबतील. पाण्यात तरंगताना त्याचं वजन जेमतेम ५० ग्रॅमइतकं भरतं. आपण धावतो, ट्रॅक्टरवर हादरे खातो, खड्ड्यांतून एसटीनं प्रवास करतो आणि मेंदूला त्याचा पत्ताही लागत नाही, तो या पाण्यामुळे.

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती तीन आवरणं, आणि हे पाणी त्यांतल्या आतल्या दोहोंच्या मध्ये. सर्वांत आतलं मेंदूला आणि मज्जारज्जूला घट्ट चिकटलेलं, मधलं कोळ्याच्या जाळ्यासारख्या तंतूंचं, बाहेरचं जाड आणि चिवट. त्याच्याही बाहेर हाड. मज्जारज्जूला आवरणांशी बांधून ठेवणारे बारीक बंध दोन्ही बाजूंना असतात, म्हणून आपण वाकलो तरी तो एका बाजूला लोळत नाही. या सगळ्याचा पाया गर्भात फार लवकर घातला जातो. ज्या नळीपासून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतात, ती गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आत मिटते. दिवस राहिल्याचं अनेकींना नीट कळण्याआधीच. फॉलिक ॲसिडची गोळी दिवस राहण्यापूर्वीच सुरू करायला सांगतात, त्याचं कारण हे.

कवटी टणक आहे, पण सगळीकडे सारखी नाही. कानाच्या थोडं वर, पुढच्या बाजूला ती फार पातळ असते आणि नेमकी तिथेच हाडाच्या आतल्या बाजूनं एक धमनी जाते. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे महामार्ग धुळ्याला एकमेकांना छेदतात, त्यातला दुसरा पुढे जळगावातून जातो, आणि या रस्त्यांवरच्या गावांना ही धमनी नाव न घेताही ठाऊक आहे. मोटारसायकल घसरते, डोकं आपटतं, माणूस क्षणभर बेशुद्ध होतो, मग उठून बसतो. पाणी पितो, "मले काही नही झायं" म्हणतो, घरी जाऊन झोपतो. सकाळी उठत नाही. ती धमनी फाटलेली असते आणि हाड व बाहेरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचत गेलेलं असतं. कवटीत जागा ठरलेली. मेंदू, रक्त आणि पाणी यांपैकी एक वाढलं तर दुसऱ्याला जागा सोडावी लागते. आधी पाणी सरतं, मग शिरांतलं रक्त. दोन्ही सरून झालं की मेंदूच चेपला जातो. मधल्या त्या शहाण्यासारख्या बोलण्याच्या तासांत वेळेवर शस्त्रक्रिया झाली, तर असा माणूस पूर्ण बरा होऊ शकतो. म्हणून डोक्याला मार लागून कुणी बेशुद्ध झालं असेल, तर नंतर कितीही नीट बोलत असलं तरी त्याला दवाखान्यात न्यावं. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, पेंगणं, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं गळणं, यांतलं काहीही दिसलं तर क्षणाचाही वेळ घालवू नये. ते गळणारं पाणी सर्दीचं नसेल. मेंदूभोवतीचंच असू शकेल.

हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वाराचा मृत्यूचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ७० टक्क्यांनी घटतो. हे आकडे अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून काढलेले आहेत. हेल्मेट आरशाला अडकवलं किंवा त्याचा पट्टा बांधला नाही, तर यातलं काहीच हाती लागत नाही.

हा झाला बाहेरून येणाऱ्या माराचा बंदोबस्त. आतला पुरवठा त्याहून नाजूक आहे. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तो एकटा घेतो. मिनिटाला ७५० मिलिलिटरच्या आसपास रक्त त्याच्याकडे जातं. स्नायू आणि यकृत साखर साठवून ठेवतात. मेंदूजवळ म्हणावा असा साठा नाही. रक्त पूर्ण थांबलं तर दहा-एक सेकंदांत शुद्ध जाते आणि चार-पाच मिनिटांत कायमची इजा सुरू होते. मानेतून वर जाणाऱ्या चार धमन्या हे रक्त नेतात आणि मेंदूच्या तळाशी एकमेकींना जोडून एक कडं तयार करतात. इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनी १६६४ मध्ये त्याचं वर्णन केलं. एका बाजूनं अडलं तर दुसरीकडून रक्त वळावं, ही त्यातली सोय. पण निम्म्याहून अधिक माणसांत हे कडं पुस्तकातल्या चित्राइतकं पूर्ण नसतं, म्हणून त्याच्या भरवशावर राहता येत नाही. मज्जारज्जूची स्थिती तर आणखी हलाखीची. त्याचा पुढचा दोन-तृतीयांश भाग एकाच धमनीवर जगतो.

पुढे या धमन्या फाटत-फाटत केशवाहिन्यांपर्यंत जातात. मेंदूतल्या केशवाहिन्यांची एकूण लांबी सुमारे ६०० किलोमीटर धरतात. धुळ्याहून मुंबईला जाऊन परत येण्याइतकी. जळगावच्या शेतकऱ्याला ही रचना पटकन कळेल, कारण केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या त्यानं अशाच अंथरलेल्या असतात : पाणी मोकाट सोडायचं नाही, प्रत्येक बुंध्याशी थेंबाथेंबानं पोचवायचं. मेंदूतल्या बहुतेक पेशी जवळच्या केशवाहिनीपासून केसाच्या जाडीइतक्याही अंतरावर नसतात.

एखादी धमनी गुठळीनं बंद झाली की लकवा मारतो. मोठी धमनी बंद झाली तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब मांडला गेला आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, तेही सीटी स्कॅन करून आत रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. चोपडा किंवा शिरपूरच्या पलीकडच्या पाड्यावरून निघालेल्या माणसाचा यातला बराच वेळ रस्त्यातच जातो. त्यात आधी लकव्याचं झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे नेलं, तर सगळाच जातो. तोंड वाकडं झालं, हात उचलत नाही, बोलणं अडखळलं, की सीटी स्कॅन असलेलं सर्वांत जवळचं ठिकाण गाठायचं.

सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेलचा आजार आहे. त्यात लाल पेशी कडक होऊन विळ्यासारख्या वाकतात आणि मेंदूच्या मोठ्या धमन्या आतून अरुंद होत जातात. त्यामुळे शाळकरी वयातही अर्धांगवायू होऊ शकतो. कानाच्या पुढे कवटीचं जे पातळ हाड आहे, त्यातून ध्वनिलहरी सोडून धमनीतल्या रक्ताचा वेग मोजता येतो आणि कोणत्या मुलाला धोका जास्त आहे, हे लकवा मारण्याआधी कळतं. जो भाग अपघातात घात करतो, तोच इथे खिडकी होतो. सिकलसेलच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आहे. तिच्यात रक्ततपासणीबरोबर ही तपासणीही पाड्यांपर्यंत पोचायला हवी.

या पुरवठ्याची परीक्षा उपवास आणि ऊनही घेतात. चैत्रात खान्देशातून हजारो माणसं सप्तशृंगीच्या गडावर पायी जातात. ऊन चाळिशीच्या पुढे, अनेकांचा उपवास. उपवासाचं मेंदूला फारसं भय नाही. अन्न थांबलं की यकृत चरबीपासून कीटोन नावाचे पदार्थ बनवतं आणि मेंदू हळूहळू त्यांवर चालू लागतो. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की कित्येक आठवड्यांच्या उपवासात मेंदूची सुमारे दोन-तृतीयांश गरज असे पदार्थ भागवतात. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन उपवास करणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याची साखर झपाट्यानं उतरते आणि कीटोन तयार व्हायला सवडच मिळत नाही.

उन्हाचं भय मात्र मोठं आहे. मेंदू स्वतः सतत उष्णता तयार करतो आणि रक्तच ती वाहून नेतं. शरीरातलं पाणी आटलं, रक्त कातडीकडे वळलं आणि तरीही तापमान ४० अंशांच्या वर गेलं, की माणूस असंबद्ध बोलू लागतो, लडखडतो, झटके येतात. हाच उष्माघात. तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूतल्या पेशी उष्णतेनं लवकर मरतात, म्हणून वाचलेल्यांपैकी काहींची चाल पुढेही डगमगती राहते. खिशात कांदा ठेवल्यानं यातलं काही टळत नाही आणि तापाची गोळीही इथे चालत नाही. अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालणं, तेही तिथल्या तिथे, हाच उपचार. बाळंतिणीला पाणी बेतानं द्यायची समजूत काही घरांत अजून आहे. बाळंतपणानंतर रक्त आधीच गोठण्याकडे झुकलेलं असतं. त्यात मे महिना आणि पाण्याची कमतरता आली, तर मेंदूतून रक्त परत आणणाऱ्या शिरांत गुठळी होऊ शकते. डोकं असह्य दुखतं, झटके येतात, आणि घरात कुणीतरी बाहेरची बाधा ठरवून मोकळं होतं. तिला तांब्याभर पाणी जास्त द्यावं आणि असं काही झालं तर दवाखान्यात न्यावं.

इतकं रक्त मेंदूत खेळतं, तर रक्तातलं सगळंच मेंदूत का उतरत नाही? या प्रश्नापर्यंत विज्ञान एका रंगामुळे पोचलं. १८८५ मध्ये पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला. सगळे अवयव रंगले, मेंदू कोरा राहिला. मेंदूला रंग धरतच नसेल, असं त्यांना वाटलं. १९१३ मध्ये त्यांच्याबरोबर काम केलेल्या एडविन गोल्डमान यांनी तसाच रंग मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. आता मेंदू रंगला आणि बाकीचं शरीर कोरं राहिलं. म्हणजे दोहोंच्या मध्ये काहीतरी आड येत होतं. ते डोळ्यांना दिसायला १९६७ साल उजाडावं लागलं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रीस आणि कार्नोव्हस्की यांनी दाखवलं, की मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट सांधलेल्या असतात, की मधून काही झिरपत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधला हा अडसर पेशीच्या पातळीवरचा आहे, आणि माझ्या मते शरीराच्या सगळ्या बंदोबस्तात सर्वांत थोर. कवटी फक्त अडवते. हा अडसर पारख करतो.

त्याचा नियम ढोबळ मानानं असा : लहान आणि चरबीत विरघळणारं असेल ते पार होतं, पाण्यात विरघळणारं किंवा मोठं असेल ते अडतं. साखर आणि ठरावीक अमिनो आम्लं यांच्यासाठी खास वाहक आहेत आणि चुकून आत आलेलं बाहेर फेकणारे पंपही आहेत. सर्दी-खाजेची जुनी ॲव्हिलची गोळी मेंदूत शिरते म्हणून पेंग येते. सेट्रिझिन बरीचशी बाहेर ठेवली जाते म्हणून कमी येते. जुलाबावरची लोपेरामाइडची गोळी खरं तर अफूच्या घराण्यातली, पण पंप तिला बाहेर लोटतात म्हणून नशा येत नाही. धोतऱ्याचं विष आत जातं, म्हणून त्याच्या बिया पोटात गेलेला माणूस बरळतो आणि नसलेल्या वस्तू हवेत पकडू पाहतो. कंपवातात मेंदूला हवं असतं डोपामीन, पण ते पार होत नाही. त्याच्या आधीची पायरी असलेलं लेव्होडोपा अमिनो आम्लांच्या वाहकावरून आत जातं आणि तिथे डोपामीन होतं. हेच लेव्होडोपा खाजकुयलीच्या बियांत असतं.

क्षयाचे जंतू मेंदूच्या आवरणांत गेले की हाच अडसर उपचाराच्या आड येतो. आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड चांगली पार होतात, बाकीची कमी. म्हणून हा उपचार बहुधा वर्षभर चालतो आणि मधे सोडून भागत नाही. कोणता जंतू आहे, हे ठरवायला कमरेतलं ते पाणी लागतं : त्यातली साखर किती उतरली, प्रथिनं किती वाढली, पेशी कोणत्या आहेत. अंदाजानं वर्षभर औषध देणं आणि खात्रीनं देणं यांतलं अंतर ते पाच-दहा मिलिलिटर पाणी ठरवतं. बाळाला जन्मताच टोचतात ती बीसीजी लस याच रूपाच्या क्षयापासून मुलांना चांगलं संरक्षण देते.

कपाशीवर मारतात त्या कीटकनाशकांतली ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली बरीचशी रसायनं चरबीत विरघळतात. त्यामुळे ती कातडीतून शरीरात जातात आणि या अडसरातूनही पार होतात. पाठीवरचा पंप गळत असतो, सदरा भिजतो, वारा तोंडावर असतो. लाळ, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या, छातीत दाटणं ही लक्षणं बाहेरच्या शरीरातली. गोंधळणं, झटके येणं, श्वासाचं केंद्र मंदावणं ही मेंदूतली. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक जणांचा जीव गेला. या विषावर दिलं जाणारं ॲट्रोपीन अडसर ओलांडून मेंदूतही काम करतं. ते धोतऱ्यातही असतं. सोबत देतात ते पॅम नावाचं औषध आत फारसं जात नाही. औषधं अशी अर्ध्या वाटेवर थांबतात, म्हणून भिजलेला सदरा तिथेच उतरवून साबणानं अंग धुणं याला तोड नाही.

मण्यार साप चावतो तेव्हा नेमकं उलटं होतं. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला तो चावतो, कित्येकदा कळतही नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या गळतात, जीभ जड होते, मग श्वासाचे स्नायू थांबतात. मण्याराचं चेताविष मोठ्या प्रथिनांचं असतं. नस आणि स्नायू यांच्या सांध्यावर ते घट्ट बसतं, पण अडसर ओलांडून मेंदूत जात नाही. हात हलत नाही, डोळा उघडत नाही, बाहुल्या विस्फारून प्रकाशालाही दाद देईनाशा होतात. वरवर पाहणाऱ्याला मेंदू मेल्यासारखा वाटतो. आत तो सहसा शाबूत असतो आणि आजूबाजूचं बोलणं ऐकत असतो. सर्पदंशाची लस सांध्यावर आधीच बसलेलं विष उचलू शकत नाही. मज्जातंतूंची टोकं नव्यानं तयार व्हायला दिवस लागतात. तोवर कुणीतरी त्याच्यासाठी श्वास घेत राहायला हवा. वाटेत तोंडानं किंवा फुग्यानं, पुढे व्हेंटिलेटरवर, कधी काही दिवस, कधी आठवड्याहून अधिक. अशा रुग्णाच्या खाटेशी "आता काही खरं नाही" असं कुणी म्हणू नये आणि बाहुल्या पाहून मशीन काढायचा आग्रह धरू नये. श्वास वेळेवर सांभाळला गेला, तर यातली बरीच माणसं चालत घरी जातात.